रांगेतला न्याय



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य, अर्थकारण अशा विषयांची सवय असते. "इंटरनेटची वाटणी" हा विषय पत्रिकेवर वाचून काही मंडळींना हसू आले असेल, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु विषय यंत्राचा असला तरी त्यातला प्रश्न फार जुना आहे. वस्तू थोडी, मागणारे अनेक. मग कुणाला किती द्यावे, आणि ते कुणी ठरवावे? एखाद्या घरात, कचेरीत किंवा अभ्यासिकेत इंटरनेटची एकच तार येते आणि तिच्यावर आठ-दहा संगणक व मोबाइल बसलेले असतात. त्यांच्यात ती तार न्यायाने वाटायची कशी, एवढाच आजचा माझा विषय आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो विद्वत्तेपोटी नव्हे, तर एका चुकीपोटी. ती चूक माझी स्वतःची असल्यामुळे ती सांगायला संकोच नाही. २०२० सालच्या टाळेबंदीतली गोष्ट. आमचे घर एकत्र. मी, माझा धाकटा भाऊ आणि दोघांची कुटुंबे. तार एकच. माझी मुलगी महाविद्यालयात होती आणि तिची तोंडी परीक्षा संगणकावरून चालली होती. परीक्षक प्रश्न विचारीत, ही उत्तर देई, आणि तिचा आवाज मध्येच तुटे. "पुन्हा सांगा, ऐकू आले नाही," असे परीक्षक चार-पाच वेळा म्हणाले. मुलीचा चेहरा रडवेला झाला. शेजारच्या खोलीत माझा पुतण्या संगणकावर खेळत होता. मी उठलो, त्याला सर्वांदेखत वाटेल तसे बोललो आणि खेळ बंद करायला लावला. त्याने तो निमूटपणे बंद केला. आवाज मात्र तुटतच राहिला. परीक्षक सज्जन होते. त्यांनी मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

रात्री पुतण्या माझ्यापाशी येऊन म्हणाला, "काका, माझा खेळ फार थोडी जागा घेतो. तुमच्या मोबाइलवर बघा ना काय चाललंय." पाहतो तो काय, मी दुपारी एक बटण दाबून विसरलो होतो, आणि घरच्या दोन लग्नांची सगळी चलत्‌चित्रे माझ्या मोबाइलमधून दूरच्या साठवणघरात चढत होती! मुलीची परीक्षा मोडणारा चोर मीच होतो, आणि शिक्षा भोगली ती त्या पोराने.

आता येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की घरात दुष्ट कुणीच नव्हते. मी कुणाचा वाटा ओढायचा म्हणून ओढला नव्हता. दुसरी अशी की कोण किती ओढतो हे डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून संशय गेला तो सर्वांत लहानावर आणि सर्वांत निरुपयोगी वाटणाऱ्या कामावर. घराघरांत आजही हेच होते. तेव्हा नेमके काय घडले होते ते थोडे हिशेबाने पाहू.

तारेवरून माहिती सलग धारेसारखी जात नाही. तिची लहान लहान पाकिटे करतात. त्यांना पॅकेट म्हणतात. एक मोठे पाकीट साधारण १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे असते. आमच्या तारेची बाहेर पाठवण्याची क्षमता सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ मेगाबिट होती. ह्या हिशेबाने एक मोठे पाकीट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. उलट बोलण्याचे पाकीट लहान, समजा २०० बाइटचे. ते बाहेर पडायला एक मिलिसेकंदही पुरे होत नाही.

घराच्या तोंडाशी मोडेम किंवा राउटर असतो. पाकिटे तारेच्या क्षमतेपेक्षा वेगाने आली की तो ती आपल्या पोटात रांगेने साठवून ठेवतो. समजा, ह्या रांगेत २५० पाकिटे मावतात. माझ्या मोबाइलने ती सगळी रांग लग्नाच्या चित्रांनी भरून टाकली. आता मुलीच्या बोलण्याचे चिमुकले पाकीट आले. त्याला स्वतःला लागणारा वेळ एक मिलिसेकंदाच्या आतला. पण पुढे उभी असलेली २५० मोठी पाकिटे गेल्यावाचून त्याचा नंबर लागत नाही. २५० गुणिले ६, म्हणजे १५०० मिलिसेकंद, दीड सेकंद! प्रश्न कानी पडल्यावर आपले उत्तर दीड सेकंद उशिरा पोहोचणे, आणि रांग पूर्ण भरलेली असली तर ते दारातच फेकले जाणे, ह्यालाच आपण "आवाज तुटतो" म्हणतो. खेळाचेही तसेच. त्यालाही माहिती थोडीच लागते, पण ती वेळेवर लागते.

म्हणजे आपण ज्याला सरसकट "नेट स्लो आहे" म्हणतो, त्यात दोन वेगवेगळी दुखणी असतात. एक म्हणजे वाटा कमी मिळणे. दुसरे म्हणजे वाटा पुरेसा असूनही रांगेत खोळंबणे. मुलीला वाटा थोडाच हवा होता. तिला मारले ते खोळंब्याने.

कुणी म्हणेल, "अहो, मोठी तार घ्या म्हणजे झाले!" ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. आपल्याकडे क्षमता किती वाढली ते पाहिले तर थक्क व्हायला होते. भारतातल्या शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था जोडणारे एर्नेट हे जाळे १९८६ साली सुरू झाले. त्यात मुंबईच्या जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था होती, आणि पवईची आय. आय. टी. होती. १९८९ साली जुहूच्या त्या केंद्रातून अमेरिकेशी जी तार जोडली गेली तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आज आपण ज्याला मोठे पाकीट म्हणतो ते एक पाकीट त्या तारेवरून जायला सव्वा सेकंद लागला असता. आणि ती तार वाटून घेणारे एक कुटुंब नव्हते. अनेक संस्थांतले संशोधक होते. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट खुले केले. २००४ च्या सरकारी धोरणात "ब्रॉडबँड" म्हणवून घ्यायला २५६ किलोबिट पुरे होते. २०१३ साली ते ५१२ झाले, आणि २०२३ साली २ मेगाबिट. आज वसई-विरारच्या इमारतींत ह्याच्या कितीतरी पट वेगाच्या काचतारा पोहोचल्या आहेत.

तरीही तक्रार संपलेली नाही, आणि त्याचे कारण ह्या यंत्रणेच्या स्वभावातच आहे. इंटरनेटवर माहिती नेणारा जो मुख्य नियम, त्याला टी. सी. पी. म्हणतात, त्याची रीत अशी की पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवीत जायचे, आणि पाकीट हरवले की समजायचे, वाट भरली; मग वेग झपाट्याने कमी करायचा आणि पुन्हा वाढवू लागायचे. म्हणजे मोठा ऐवज पाठवणारा तार पूर्ण भरेपर्यंत थांबतच नाही. तार रुंद केली तर काम लवकर आटपते, खोळंब्याचा काळ कमी होतो, हे खरे. पण ते काम चालू असेतोवर रांग भरायची ती भरतेच.

वेग आवरण्याची ही रीत आली कशी, त्याचीही एक गोष्ट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे असे झाले की लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तेथले विद्यापीठ ह्या अवघ्या ४०० यार्डांवरच्या दोन जागांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर घसरला. तार तुटली नव्हती. सर्वांनी एकदम पाठवले, पाकिटे हरवली, ज्याची हरवली त्याने ती अधिक जोराने पुन्हा पाठवली, आणि वाट तुंबून गेली. व्हॅन जेकबसन ह्या शास्त्रज्ञाने तुंबलेले पाहताच मागे सरण्याची शिस्त १९८८ साली मांडली. तिच्यामुळे इंटरनेट वाचले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण ही शिस्त म्हणजे सौजन्य आहे, न्याय नव्हे. वसईकरांना हा भेद समजावून सांगायला नको. आपल्या वाड्यांतली बावखलं आठवा. रहाटाने पाणी काढायचे तोवर काढणाऱ्याचा हात आणि बैलाचा दम ह्यांनीच उपशाला मर्यादा घातलेली होती. शेजाऱ्याला पाणी उरे, ते कुणाच्या थोरपणाने नव्हे. इंजिने आली आणि ती मर्यादा गेली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस विहिरींचे पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती ह्यांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. भांडण एकाच गोष्टीचे होते. साठा सर्वांचा आहे, पण उपशाला नियम नाही; मग ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी.

इंटरनेटच्या तारेवर "मोठा पंप" लावणे तर फारच सोपे आहे. सौजन्याचा नियम प्रत्येक जोडणीला लागू होतो, प्रत्येक माणसाला नव्हे. एका संगणकाने एक जोडणी उघडली आणि दुसऱ्याने नऊ उघडल्या, तर प्रत्येक जोडणी आपापल्या परीने सभ्य वागूनही दुसऱ्याला ढोबळमानाने नऊपट मिळते. ऐवज उतरवून घेणारे कित्येक कार्यक्रम नेमके हेच करतात, आणि ते वापरणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते.

म्हणून वाटणी पाठवणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता रांगेच्या ठिकाणीच करावी, हा विचार पुढे आला. जॉन नॅगल ह्या अभियंत्याने १९८५ साली सुचवले की सर्वांची एकच रांग ठेवू नका. प्रत्येकाची वेगळी रांग करा, आणि प्रत्येक रांगेतले एकेक पाकीट आळीपाळीने सोडा. किती साधी कल्पना! ज्याने २५० पाकिटे आणली त्याची स्वतःचीच रांग लांबते. ज्याने एकच आणले त्याचा नंबर लगेच लागतो. माझ्या घरी हा नियम असता तर मुलीचे पाकीट माझे फार तर एक पाकीट जाईपर्यंत थांबले असते. दीड सेकंदाऐवजी ६ मिलिसेकंद! तार तीच, तिचे मासिक बिल तेच.

परंतु ह्या नियमातही एक खोच आहे. पाकिटे सारख्या आकाराची नसतात. आळीपाळीने एकेक सोडले, तर मोठी पाकिटे आणणाऱ्याला अधिक मिळते. १९८९ साली डेमर्स, केशव आणि शेंकर ह्या तिघांनी आकार हिशेबात धरणारी रीत शोधली. ह्यातले श्रीनिवासन केशव हे दिल्लीच्या आय. आय. टी.चे पदवीधर. त्यांची रीत न्यायाने चोख, पण यंत्राला फार आकडेमोड करायला लावणारी होती. मग १९९५ साली श्रीधर आणि जॉर्ज व्हर्गीस ह्यांनी ती इतकी सोपी केली की स्वस्त यंत्रालाही ती झेपावी. व्हर्गीस हे आपल्या पवईच्या आय. आय. टी.चे १९८१ सालचे पदवीधर आहेत, ही गोष्ट मुंबईच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस जाणून आनंद होईल.

त्यांची युक्ती वाण्याच्या खातेवहीसारखी आहे. प्रत्येक रांगेचे एक खाते. प्रत्येक फेरीला प्रत्येक खात्यावर ठरावीक रक्कम जमा करायची. समजा १००० बाइट. पुढचे पाकीट त्या रकमेत बसत असेल तर सोडायचे आणि तेवढे वजा करायचे. बसत नसेल तर शिल्लक पुढच्या फेरीला न्यायची. एकाची पाकिटे १५०० ची आहेत. पहिल्या फेरीला १००० जमा, पाकीट बसत नाही. दुसऱ्या फेरीला २०००. एक पाकीट गेले, ५०० उरले. तिसऱ्या फेरीला १५००. दुसरे पाकीट गेले, शिल्लक शून्य. तीन फेऱ्यांत त्याचे ३००० बाइट गेले. शेजाऱ्याची पाकिटे २०० ची. त्याची प्रत्येक फेरीला पाच, म्हणजे तीन फेऱ्यांत तेही ३००० बाइटच. दोघांना सारखे मिळाले. आणि एक नियम आणखी आहे, तो फार शहाणपणाचा. ज्याची रांग रिकामी झाली त्याची शिल्लक बुडाली. आज मी काही वापरले नाही, म्हणून उद्या सगळी तार माझी, असे म्हणता येत नाही.

आता समान वाटणी म्हणजे प्रत्येकाला कायमचा सारखा तुकडा तोडून देणे, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. समजा, तार १२ मेगाबिटची आणि संगणक चार. पहिल्याची गरज १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ८ आणि चौथ्याची २०. प्रत्येकाला ३ चा तुकडा तोडून दिला, तर पहिल्या दोघांचे मिळून ३ मेगाबिट वाया जातात आणि तिसरा-चौथा तहानलेले राहतात. रात्री तिघे झोपले तरी जागणाऱ्याला ३ च मिळणार. बाकी तार मोकळी पडणार. कित्येक कचेऱ्यांत प्रत्येक संगणकाला अशी कायमची मर्यादा घालून ठेवतात आणि तिलाच न्याय समजतात. खरी रीत अशी की लहान गरजा आधी पूर्ण भागवाव्या: पहिल्याला १, दुसऱ्याला २. उरलेले ९ बाकीच्या दोघांत निम्मे-निम्मे, साडेचार-साडेचार. गरजेपेक्षा अधिक कुणालाच नाही, आणि ज्याची गरज भागली नाही अशा कुणालाही दुसऱ्या तशाच माणसापेक्षा कमी नाही. आळीपाळीच्या रांगेतून हा हिशेब आपोआप होतो. कुणी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागत नाही.

येथवर आपण "प्रत्येकाला" हा शब्द सहज वापरला. पण हा "प्रत्येक" कोण? जोडणी, संगणक, माणूस की कुटुंब? ह्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. आणि येथे मला आपल्या महाराष्ट्रातल्याच एका पाणीवाटपाची आठवण होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात, नायगावी, विलासराव साळुंखे ह्या अभियंत्याने पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, हा चालत आलेला नियम त्यांनी बाजूला ठेवला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही.  त्यांनी प्रश्न बदलला. पाणी जमिनीला द्यायचे की माणसाला, असे त्यांनी विचारले.

आपल्या तारेवरही हाच प्रश्न विचारावा लागतो. जोडणीगणिक वाटले, तर नऊ जोडण्या उघडणारा जिंकतो. संगणकागणिक वाटले, तर ज्याच्यापाशी मोबाइल, टॅब आणि दूरदर्शन संच आहेत त्याला तीन वाटे, आणि जिच्यापाशी एकच जुना मोबाइल आहे त्या आजीला एक. अभ्यासिकेत संगणकागणिक वाटणी योग्य ठरेल, कारण तेथे एका विद्यार्थ्यापुढे एकच संगणक असतो. दोन कुटुंबांनी मिळून तार घेतली असेल, तर आधी कुटुंबागणिक निम्मे आणि मग कुटुंबात माणशी, असे दोन पायऱ्यांनी वाटावे लागेल. २०१८ साली आलेल्या "केक" नावाच्या रीतीत आधी यंत्रागणिक आणि मग त्या यंत्राच्या जोडण्यांत, अशी दुपदरी वाटणी करण्याची सोय आहे. सोय यंत्रात आहे. एकक कोणते धरायचे हे मात्र माणसांनी एकत्र बसून ठरवायचे आहे.

आता अखेरचा आणि व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: ही रांग लागते कुठे? वर्सोवा पुलापाशी तासन्‌तास अडकून पडण्याचा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांनी घेतला आहे. पुलावर कोंडी असताना विरार फाट्यावर कितीही हुशार पोलिस उभा केला तरी पुलावरच्या गाड्यांची ओळ त्याला लावता येत नाही. वाट जेथे सर्वांत अरुंद तेथेच रांग लागते, आणि तेथेच नियम चालतो. घरच्या बाबतीत ही अरुंद जागा पुष्कळदा कंपनीने दिलेल्या मोडेमपाशी असते, आणि त्याच्या पोटातली रांग एकेरी, आंधळी आणि भली लांब असते. २०१० साली जिम गेटिस ह्या अमेरिकन अभियंत्याला हाच अनुभव आला. घरून एक मोठा संग्रह एम. आय. टी.कडे पाठवीत असताना घरचे बाकीचे इंटरनेट लुळे पडले. त्याने शोध घेतला, तेव्हा स्मरणशक्ती स्वस्त झाल्यामुळे उत्पादकांनी सगळीकडे लांबच लांब रांगा करून ठेवल्या आहेत, असे दिसून आले. पाकीट हरवू नये म्हणून केलेली ही सोय. पण पाकीट हरवत नाही म्हणून पाठवणाऱ्याला वाट भरल्याची खबरच मिळत नाही! दया म्हणून केलेली गोष्ट अशी नडते.

त्यावर उपाय दुहेरी आहे. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन ह्यांनी २०१२ साली असा नियम सुचवला की रांगेत किती पाकिटे आहेत हे न मोजता, पाकीट रांगेत किती वेळ उभे राहिले ते मोजा. हा खोळंबा ५ मिलिसेकंदांच्या वर जाऊन १०० मिलिसेकंदांपर्यंत खाली आलाच नाही, तर एखादे पाकीट मुद्दाम टाकून द्या, म्हणजे पाठवणारा वेग आवरेल. ही रीत आणि वेगवेगळ्या रांगांची रीत ह्यांचे लग्न लावून "एफ क्यू कोडेल" ही पद्धत झाली. २०१८ च्या जानेवारीत तिचा इंटरनेटच्या प्रायोगिक दस्तऐवजांत समावेश झाला. ती फुकट उपलब्ध आहे आणि अनेक राउटरांत आलेली आहे.

घरी काय करावे ते थोडक्यात सांगतो. प्रथम मोजावे. तार मोकळी असताना पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पाहावे, आणि मग एखादे मोठे चलत्‌चित्र चढवीत असताना पुन्हा पाहावे. २० मिलिसेकंदांचे हजार-दीड हजार झाले, तर दुखणे रांगेचे आहे असे समजावे. मग ज्या राउटरात अशी न्याय्य रांग आहे तो मोडेमच्या आत बसवावा आणि त्याची मर्यादा तारेच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी, शेकडा ९० ते ९५, ठेवावी. असे केले की अरुंद जागा आपल्या ताब्यातल्या यंत्रात येते आणि नियम आपला चालतो. शेकडा पाच-दहा गमावल्यासारखे वाटेल, पण त्या मोलाने घरात शांतता मिळते. मोकळ्या तारेवरही आवाज तुटत असेल, तर दोष भिंतीआडच्या अशक्त वाय-फायचा असण्याचा संभव आहे; त्याला ही मात्रा लागू पडणार नाही.

ह्या उपायाला मर्यादाही आहेत. आपल्या घराबाहेर, गल्लीत, कंपनीची तार अनेक घरांत वाटलेली असते; तेथली रांग आपल्या हातात नाही. जाहिरातीत वेगाच्या आकड्याबरोबर "पर्यंत" असा एक बारीक शब्द असतो. तो वाचावा, आणि गर्दीच्या वेळी किती मिळेल हे आपण ग्राहक म्हणून विचारावे. दुसरे असे की न्याय्य रांग तार वाढवीत नाही. सर्वांच्याच गरजा मोठ्या असल्या तर सर्वांनाच थोडे कमी पडेल. पण ते दिसेल, समजेल, आणि मग मोठी तार घ्यावी की नाही हे घरात बसून ठरवता येईल. एकाने नकळत सगळे ओढले आणि दुसऱ्याने बोलणी खाल्ली, असे होणार नाही.

आमच्या घरी आता तसा राउटर आहे, आणि तो बसवला माझ्या पुतण्याने. मी त्याची क्षमा मागितली, तीही सर्वांदेखत. कारण बोललो होतो सर्वांदेखत. तो नुसता हसला, आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही खुशाल लग्नं चढवा." त्या संध्याकाळी मी चढवली. मुलीचा वर्ग चालू होता, पोराचा खेळ चालू होता, आणि कुणीही कुणाला थांब म्हटले नाही.